नुसत्या गुणांवर सामना जिंकता येत नाही

गेल्या वर्षी वर्षावासातली गोष्ट. शीव कोळीवाड्यातल्या आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले आणि माणसे चपला शोधू लागली. तेवढ्यात एक भगिनी माझ्याजवळ आल्या. माटुंग्याला चार घरी पोळ्या-भाजीची कामे करतात. नवरा एका वर्कशॉपात हेल्पर आहे. दोघांची मिळून कमाई महिन्याला वीस हजारांच्या आत.

"भाऊ, जरा थांबता का? धाकट्याचं बोलायचं होतं."

धाकटा मी पाहिलेला. वय सतरा, उंची सहा फूट एक इंच, बारावी कॉमर्सला. वस्तीतली पोरे त्याला 'खांब' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यावरची रामू स्मृती बास्केटबॉल स्पर्धा कुंपणाबाहेरून पाहून त्याला या खेळाचे वेड लागले. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी किंग्ज सर्कलचा पूल ओलांडून चालत जातो आणि जिथे कोर्ट मोकळे मिळेल तिथे खेळतो. हात चांगला आहे. लांबून टाकलेला चेंडू रिंगला न लागता जाळीतून खाली येतो, तेव्हा पाहणाऱ्यालाही बरे वाटते.

ताईंनी पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. परगावच्या कुठल्याशा अकादमीचे ते पत्रक होते. सहा महिन्यांची फी पंचाहत्तर हजार, राहणे-खाणे वेगळे. खाली मोठ्या अक्षरात लिहिले होते की मुलगा व्यावसायिक खेळाडू होऊन बाहेर पडेल. त्यांचा एक माणूस कोर्टावर येऊन मुलाला म्हणाला होता, 'तुझ्यासारखी टॅलेंट वाया घालवू नकोस, कॉलेज काय कधीही करता येते.'

"माझी माळ आहे दोन तोळ्यांची, ती मोडते," ताई म्हणाल्या. "पोरात गुण आहे, सगळे म्हणतात. मग आईबापानं मागं का सरावं?"

या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणे मला जमले नाही. कारण त्यांचे निम्मे बोलणे खरे होते. आपल्या मुलांमध्ये गुण नाहीत, हे आपल्याला हजारो वर्षे ऐकवले गेले. आता एखाद्या मुलाचा गुण दिसू लागला, तर त्याला अडवणारे आपण कोण? पण उरलेल्या निम्म्या भागात पंचाहत्तर हजार रुपये, बारावीची परीक्षा आणि एका मुलाचे आयुष्य अडकलेले होते. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि आठवले, ते आज या पानावर सर्व आईबापांसाठी मांडतो आहे.

आधी आकडे पाहू

मी कारकून माणूस. कुठल्याही गोष्टीत आधी आकडे पाहण्याची सवय.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तयार केला. हिवाळ्यात मुलांना बंद जागेत खेळवण्यासाठी त्याने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. आज कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते आणि रिंग जमिनीपासून १० फूट उंचीवर असते. जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा अमेरिकेची एनबीए. तिथे एकूण ३० संघ आहेत. प्रत्येक संघात १५ खेळाडूंचा पक्का करार आणि तीनपर्यंत अर्धवट कराराच्या जागा. म्हणजे सगळे मिळून पाचशेच्या आसपास माणसे. दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, ती साठच्या आसपास. या साठ जागांसाठी अमेरिकेतली सारी कॉलेजे, युरोप, आफ्रिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथली मुले रांगेत उभी असतात. प्रत्येक जण आपापल्या गावचा सर्वांत गुणी मुलगा असतो.

नीट समजून घ्यावे असे आहे ते इथेच. गावात गुण हा फरक असतो. त्या रांगेत मात्र गुण सगळ्यांकडेच असतो. मग निवड गुणावर होत नाही, इतर गोष्टींवर होते.

भारतात काय आहे? आपला पुरुषांचा संघ ऑलिम्पिकला एकदाच गेला, १९८० साली मॉस्कोला, आणि त्या वर्षी अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. क्रिकेटमध्ये आयपीएल २००८ साली आली, कबड्डीत प्रो कबड्डी २०१४ साली आली. बास्केटबॉलमध्येही गेल्या काही वर्षांत लीग निघाल्या. २०१५ साली सुरू झालेली एक लीग दोन-तीन वर्षांत बंद पडली. पुढे २०२२ साली दुसरी निघाली. पण ज्या पगारावर माणूस संसार चालवील, मुले शिकवील आणि म्हातारपणाची सोय करील, अशी अवस्था या खेळात आपल्याकडे आलेली नाही. आजही आपल्या देशात बास्केटबॉल खेळाडूचे घर चालते ते मुख्यतः रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका आणि सरकारी खात्यांतल्या नोकरीवर.

सात फूट दोन इंचांचा सतनाम

पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या लहानशा गावातला सतनाम सिंग. शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत त्याने खेळ शिकला. २०१० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला अमेरिकेतल्या फ्लोरिडा इथल्या आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी येत नव्हते, जेवण वेगळे, माणसे वेगळी. तरीही तो टिकला. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला एनबीएने निवडलेला तो पहिला खेळाडू. देशभर वर्तमानपत्रांत फोटो आले.

पुढे काय झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सतनाम एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. त्याला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये टेक्सास लिजंड्स या संघात ठेवले, तिथेही फार थोडा वेळ मैदानावर उतरवले. खेळ बदलला होता. पूर्वी उंच माणसाने रिंगखाली उभे राहावे, अशी पद्धत होती. आता उंच माणसानेही धावावे, लांबून चेंडू टाकावा, अशी अपेक्षा आली. चौदाव्या वर्षापर्यंत ज्याने जगातल्या तोडीच्या मुलांशी सामना खेळला नाही, त्याला ती तूट भरून काढणे जड गेले. पुढे तपासणीत बंदी असलेल्या द्रव्याचा अंश सापडल्याने २०२० साली त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. आज लोक त्याला ओळखतात ते अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमांमुळे.

पंजाबचाच प्रिन्सपाल सिंग. दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत तयार झाला. २०२० साली एनबीएच्याच खालच्या लीगमधल्या एका खास संघात त्याला घेतले. २०२१ च्या उन्हाळी स्पर्धेत विजेत्या सॅक्रॅमेंटो किंग्ज संघात तो होता. तोही मुख्य स्पर्धेत पोचला नाही.

यांना मी अपयशी म्हणत नाही. भारतातला दुसरा कोणी त्यांच्याइतका पुढे गेला नाही. पण हे दोघे सात फुटांच्या आसपासचे, शिष्यवृत्ती मिळालेले, परदेशी प्रशिक्षक लाभलेले. त्यांच्याजवळ जे होते त्यातले आपल्या कोळीवाड्याच्या मुलाजवळ काय आहे? याचा हिशेब पंचाहत्तर हजार भरण्याआधी करायचा, की नंतर?

गुण हे एक कारण, सर्व कारणे नव्हेत

भगवान बुद्धांनी आपल्याला सांगितले की कुठलीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही, अनेक कारणे एकत्र आली म्हणजे घडते. बी चांगले असले तरी माती, पाणी, ऊन आणि राखण नसेल तर पीक येत नाही. गुण म्हणजे बी. बाकीची कारणे कोणती, ती एकेक करून पाहू.

पहिले कारण शरीर. एनबीएच्या खेळाडूची सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास आहे. आपला सहा फूट एक इंचाचा मुलगा वस्तीत खांब दिसतो, त्या कोर्टावर मात्र तो बुटक्यात जमा होईल. मग्सी बोग्ज नावाचा पाच फूट तीन इंचांचा खेळाडू १९८७ पासून चौदा हंगाम तिथे खेळला, हे खरे. पण त्याचे नाव आजही घेतले जाते, कारण तसा दुसरा झाला नाही. अपवाद पाहून माळ मोडायची नसते.

दुसरे कारण वय. हातात चेंडू बसण्यासाठी आठव्या-दहाव्या वर्षापासून रोजचा सराव लागतो. आपली मुले चेंडू हातात घेतात ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी, तेही कोणी कोर्टावर येऊ दिले तर.

तिसरे कारण कोर्ट, प्रशिक्षक आणि बूट. चाळीच्या बोळात क्रिकेट खेळता येते, पटांगणात कबड्डी खेळता येते. बास्केटबॉलला सपाट कोर्ट आणि रिंग लागते. ती असते शाळेच्या, जिमखान्याच्या आणि मोठ्या सोसायटीच्या कुंपणाच्या आत. सिमेंटच्या कोर्टावर बूट लवकर झिजतात, आणि झिजलेल्या बुटांत उड्या मारल्या की गुडघा जातो.

चौथे कारण आहार. वाढत्या मुलाने दोन तास घाम गाळायचा आणि घरी येऊन चहा-पाव खायचा, हे चालत नाही. यासाठी महागडे डबे लागत नाहीत. अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, सुकट-बोंबील हेही चालते. पण ते रोज लागते. आणि कोणी ताकदीची पावडर किंवा गोळी हातात ठेवली, तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नये. चूक नकळत झाली तरी बंदी खेळाडूवरच येते.

पाचवे कारण ओळख. निवड चाचणी कधी आहे, अर्ज कुठे भरायचा, कोणत्या संघातून खेळले म्हणजे निवड समितीच्या नजरेस पडतो, ही माहिती ज्यांच्या घरात आधीच खेळाडू आहेत त्यांना जेवताना मिळते. आपल्या मुलाला ती चाचणी होऊन गेल्यावर कळते. याला कोणी वशिला म्हणेल. पण पुष्कळदा तो वशिलाही नसतो, नुसती माहितीची दरी असते.

सहावे कारण मन. राखीव खेळाडू म्हणून वर्षभर बाकावर बसायचे आणि तरी रोज पहाटे सरावाला यायचे, हे सगळ्यांना जमत नाही. अमेरिकेत लेन बायस नावाचा फार मोठ्या गुणांचा तरुण होता. १९८६ साली त्याची दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी कोकेनमुळे तो मेला. वय बावीस. व्यसनाने आपल्या वस्त्यांचे काय केले, हे मी वेगळे सांगायला नको.

सातवे कारण दैव नव्हे, योगायोग. एक पाय मुरगळला, एक प्रशिक्षक बदलला, एक लीग बंद पडली. हे कोणाच्या हातात नसते. म्हणूनच सारे आयुष्य त्या एका फाशावर लावायचे नसते.

आणि आठवे कारण, जे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे

पालवणकर बाळू यांचे नाव नव्या पिढीला सांगितले पाहिजे. जन्म १८७६ साली धारवाडचा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते तासन् तास गोलंदाजी टाकत. त्यांना स्वतः बॅट हातात धरायला मात्र कोणी दिली नाही. डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

१८९६ च्या सुमारास ते मुंबईला आले. इथे हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ आणि १९०७ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा हात होता. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली याच प्रश्नावरून त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार करावे लागले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि तो संघ जिंकला.

पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात गेले. १९३७ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हरले. तो इतिहास आपण विसरत नाही. पण मैदानावर त्यांनी जे सोसले ते आपल्या बापजाद्यांनी सोसले तेच. गुणात ते कोणाला कमी नव्हते. कमी होते ते दार उघडणारे. आणि ते दार शेवटी उघडले ते आणखी बळी घेऊन नव्हे, दोन भावांनी एकजुटीने उभे राहून उघडले.

अमेरिकेतही हेच झाले. आज एनबीएमध्ये काळे खेळाडू बहुसंख्येने आहेत. पण १९४६ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिली चार वर्षे एकाही काळ्या खेळाडूला तिथे जागा नव्हती. त्या चार वर्षांत काळ्या मुलांना चेंडू टाकता येत नव्हता काय? १९५० साली चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड या तिघांना जागा मिळाली आणि ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉइड पहिला सामना खेळला. गुण आधीपासून होता, जागा नंतर मिळाली. दार बंद असेल तर गुण बाहेरच उभा राहतो.

नागपाड्याने काय केले

मग आपण हात बांधून बसायचे काय? नाही. उत्तर फार लांब नाही, इथून तासाभराच्या अंतरावर आहे.

नागपाडा ही कष्टकऱ्यांची, मुख्यतः मुसलमान वस्ती. तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. ज्या टाटा सामाजिक संस्थेत आज आपली मुले समाजकार्याचे शिक्षण घेतात, तिची सुरुवातही १९३६ साली तिथेच झाली. त्या वस्तीत बास्केटबॉल रुजला. बोळातल्या मुलांना कोर्ट मिळाले, मोठी मुले लहानांना शिकवू लागली. त्यातून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू झाला. भारताकडून खेळला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. नागपाड्याच्या कितीतरी मुलांना खेळाच्या जोरावर रेल्वेत आणि इतर खात्यांत नोकऱ्या लागल्या.

नागपाड्याची मुले आपल्या मुलांपेक्षा जन्मतः अधिक गुणी होती, असे कोणी म्हणणार नाही. तिथे वस्तीच्या मधोमध कोर्ट होते, शिकवणारे होते, आणि खेळून आलेला पुन्हा खेळवायला येत होता. एकट्या मुलाचा गुण तिथे साऱ्या मोहल्ल्याचा झाला. बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. त्यातले 'संघटित व्हा' हे नुसते मोर्च्यासाठी नाही. ते मैदानासाठीही आहे.

आमचीही एक चूक

इथे आमच्या मंडळाची एक चूक कबूल करतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक कबड्डीपटू होता. चढाईला गेला की रिकामा परत येत नसे. प्रत्येक भीमजयंतीला आम्ही त्याला व्यासपीठावर बोलावून हार घालत होतो. नववीत त्याची शाळा सुटली, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. आम्ही शिकलेली माणसे. मी स्वतः बी.कॉम. होतो. खात्यांच्या संघात त्याला बोलावणे आले तेव्हा दहावीचा दाखला मागितला. तो नव्हता. दोन वर्षांनी गुडघा गेला. आज तो माल उतरवायचे काम करतो. भेटला की हसून जयभीम करतो, कधी तक्रार करीत नाही. तक्रार केली असती तर मला बरे वाटले असते.

म्हणून सांगतो, टाळ्या वाजवणे सोपे आहे. दाखला विचारणे महत्त्वाचे आहे.

त्या रविवारी मी काय सांगितले

आठ दिवसांनी ताई, त्यांचे मालक आणि मुलगा असे तिघे विहारात आले. मी वहीचे पान काढले आणि जमा-खर्चासारखे दोन रकाने पाडले.

जमेच्या बाजूला मुलाचा हात, मेहनत, उंची, वय सतरा. खर्चाच्या बाजूला पंचाहत्तर हजार फी, सहा महिन्यांचे राहणे-खाणे, मोडलेली माळ, बुडालेली बारावी. शिवाय कॉलेज सोडल्यावर बंद होणारी शिष्यवृत्ती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे म्हणून तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारी आपली मुले कॉलेजात टिकतात. मग मी मुलाला विचारले, "बाळा, त्या अकादमीतून आजवर कोण कोण बाहेर पडले आणि आज ते कुठे खेळतात, हे त्या माणसाला विचारलेस का?"

तो म्हणाला, "नाही काका."

"मग फोन कर आणि विचार. नावे सांगू दे."

त्याने तिथेच फोन लावला. त्या माणसाने एकही नाव सांगितले नाही. जागा भरत आल्या आहेत, आजच्या आज पैसे भरा, असे मात्र दोनदा सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण माळ वाचली याचे समाधानही वाटले.

मग त्याला सोण या भिक्षूची गोष्ट सांगितली. चंपा नगरीतल्या धनिकाचा मुलगा सोण भिक्षू झाला आणि त्याने साधनेसाठी पाय रक्ताळेपर्यंत चालून स्वतःला शिणवले. तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास, तार फार ताणली तर सूर निघतो का? फार सैल सोडली तर निघतो का? दोन्ही वेळा सोण नाही म्हणाला. प्रयत्नाचेही तसेच आहे. आपल्या अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम तो हाच. खेळ सोडणे म्हणजे तार सैल करणे आणि कॉलेज सोडून खेळणे म्हणजे तार तोडणे.

सर्व आईबापांसाठी काही गोष्टी

जे त्या घराला सांगितले तेच सगळ्यांना सांगतो.

मुलगा किंवा मुलगी खेळत असेल तर आनंदाने खेळू द्या. मुलींना विशेष करून. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघातून खेळली, मग आपल्या मुलीने संध्याकाळी भांडीच का घासावीत? दहावी, बारावी आणि पदवी मात्र सोडू देऊ नका. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते तिथेही शिक्षणाची अट असतेच. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस आणि केंद्राची खातीही खेळाडू भरती करतात. शालेय स्पर्धांत ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी अर्ज वेळेत शाळा-कॉलेजातून जावा लागतो.

प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा, त्याच्या दोन झेरॉक्स काढा. ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, हे आधी विचारा. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे झाल्यापासून क्रीडा खात्याकडून पडताळणी कडक झाली आहे. विकत घेतलेल्या कागदावर मिळालेली नोकरी जाते आणि अब्रूही जाते.

पैसे मागणाऱ्या कोणत्याही अकादमीला तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडून बाहेर पडलेले खेळाडू आज कुठे आहेत? प्रशिक्षक कोण, त्यांचे प्रमाणपत्र कोणते? मुलाला दुखापत झाली तर खर्च कोण करणार? उत्तर लेखी मागा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, हे काम एकट्या आईवर टाकू नका. आपल्या प्रत्येक विहारात ग्रंथालय असावे असे आपण म्हणतो. तिथेच एक फळा लावा. निवड चाचण्यांच्या तारखा, भरतीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीची मुदत त्यावर लिहा. खेळून नोकरीला लागलेल्या बांधवांनी महिन्यातून एक रविवार लहान मुलांना द्यावा. मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तर पाच मुलांचे बूट येतात. नगरसेवकाकडे कमानीची मागणी करतो तशी मैदानात रिंग बसवण्याची मागणी करा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. बारावी पास झाला, ६१ टक्के. आता एफ.वाय.बी.कॉम.ला आहे, कॉलेजच्या संघात आहे. यंदा जिल्ह्याच्या चाचणीला गेला होता, निवड झाली नाही. आठ दिवस गप्प होता, मग पुन्हा जाऊ लागला. रविवारी सकाळी वस्तीतल्या दहा-बारा पोरांना ड्रिबल शिकवतो. रिंग नाही म्हणून भिंतीवर खडूने गोल काढला आहे. आम्ही वॉर्ड ऑफिसात रिंगसाठी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, दर पंधरवड्याला विचारायला जातो.

तो मोठा खेळाडू होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण खेळ थांबला त्या दिवशी तो रस्त्यावर येणार नाही, एवढी तजवीज आपण सगळ्यांनी मिळून केली आहे. आईची माळ तिच्या गळ्यात आहे.

जय भीम!